काय करून राह्यला?

वऱ्हाडात माणसाला माणूस भेटला की तो नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत पडत नाही. तो विचारतो, "काय करून राह्यला?" हा प्रश्न विचारण्यासाठी समोरचा काय करतो आहे हे माहीत नसलंच पाहिजे, अशी अट नाही. तुम्ही अंगणात खुर्ची टाकून, तोंडाला फेस फासून, हातात वस्तरा घेऊन बसलेले असा, फाटकाला गाडी टेकवून शेजारी विचारणारच, "काय करून राह्यले भाऊ?" आणि तुम्हीही तितक्याच गंभीरपणे सांगणार, "काई नाई, दाढी करून राह्यलो." मग तो आत येतो, दुसरी खुर्ची ओढतो, कपाशीच्या भावापासून सुरुवात करतो आणि तुमचा एक गाल अकरा वाजेपर्यंत फेसातच राहतो.

या 'राह्यलो'ची पुण्या-मुंबईकडच्या माणसांना फार गंमत वाटते. माझा भाचा पुण्यात वाढला. लहानपणी त्यानं मला फोन केला, तेव्हा मी सांगितलं, "जेवून राह्यलो." तो म्हणाला, "जेवून राहिलात? कुणाकडे?" त्याच्या मते मी कुणाच्या तरी घरी जेवलो होतो आणि मुक्कामालाही तिथेच थांबलो होतो. प्रमाण मराठीतला 'जेवतो आहे' जेवण संपलं की संपतो. आमचा 'जेवून राह्यलो' हा मात्र ऐसपैस काळ आहे. त्यात पहिला घास, मधली उचकी, ताटावरची गोठ आणि हात वाळेपर्यंतचं बसणं, एवढं सगळं मावतं.

मागच्या राखीला हाच भाचा त्याच्या आईबरोबर अमरावतीला आला आणि माझ्यासाठी हेडफोन घेऊन आला. कानावर दोन वाट्या आणि डोक्यावरून पट्टी, असा ऐवज. कंपनीचं नाव मी सांगत नाही. पुढे जे घडलं त्यात तिचा दोष थोडा आणि माझा जास्त आहे.

"मामा, हे साधे हेडफोन नाहीत," तो म्हणाला. "तुम्ही काय करताय ते हे स्वतः ओळखतात. बसलात, चालायला लागलात, धावलात, गाडीत बसलात, की आवाज आपोआप बदलतो. तुम्ही काहीच करायचं नाही."

माझी आई समोर बंगईवर बसून वाती वळत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "म्हंजे हे घडीघडी इचारते का, काय करून राह्यला?"

भाचा थोडा विचारात पडला. "हो आजी, तसंच म्हणायला हवं."

"मंग यात नवीन काय हाय?" आई म्हणाली. "इथं सारी गल्ली इचारते."

भाच्यानं मग मला बसवून सगळं समजावून दिलं. फोनमध्ये हालचाल ओळखणारा एक बारीकसा तुकडा असतो. माणूस चालतो तेव्हा दर पावलाला फोनला ठरावीक हिसका बसतो. धावताना तो हिसका मोठा आणि घाईचा होतो. रेल्वेत किंवा गाडीत नुसती बारीक थरथर असते. त्या हिसक्यांच्या तालावरून फोन अंदाज बांधतो आणि कानातल्या वाट्यांना कळवतो. मग एका जागी बसला असाल तर बाहेरचा गलका बंद. रस्त्यानं चालत असाल तर मागून येणारी गाडी कळावी म्हणून थोडा गलका आत. रेल्वेत असाल तर पुन्हा सगळं बंद. बदल झाला की कानात 'टुंग' वाजतं. म्हणजे कंपनीनं माणसाच्या आयुष्याचे चारच भाग केले: बसणे, चालणे, धावणे आणि गाडीत असणे. आपल्याकडे आश्रमही चारच आहेत, तेव्हा आकड्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण वऱ्हाडी माणूस दिवसाचा बराच वेळ पाचव्याच अवस्थेत असतो, आणि तिचं नाव आहे 'निघून राह्यलो'.

राजापेठेतल्या आमच्या पानठेल्यावर मी संध्याकाळी सहाला "चला, निंघतो मंग" असं म्हणतो. म्हटल्यावर एक पाय ठेल्याच्या फळीवरून खाली येतो. साडेसहाला दुसरा येतो. पावणेसातला मी चार पावलं जातो, कुणीतरी "आयका ना भाऊ" म्हणतं, चार पावलं परत येतो. साडेसातला घरून फोन येतो आणि मी छातीठोक सांगतो, "निंघून राह्यलो." यात खोटं काहीच नाही, दीड तास मी निघण्याचीच क्रिया करत असतो. पहिल्याच दिवशी हेडफोन गळ्यात अडकवून मी ठेल्यावर गेलो आणि त्या यंत्राचा जीव कासावीस झाला. चाललो, टुंग. थांबलो, टुंग. परत आलो, टुंग. शेवटी ठेलेवाल्यानंच विचारलं, "भाऊ, थे काय वाजून राह्यलं तुमच्या गयात?"

मी त्याला सगळं शास्त्र सांगितलं. त्यानं सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कानात घालाचंच असन तं गाडगेबाबासारखं घाला."

तो अगदीच वावगं बोलला नव्हता. आमच्याच जिल्ह्यात, शेणगावात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच घातली होती. खर्च शून्य, चार्जिंग नाही. शिवाय त्यांचं कीर्तन म्हणजे समोरच्या माणसांना एकामागून एक विचारलेले प्रश्न: कर्ज काढून सण करता का, दारू पिता का, पोरांना शाळेत घालता का? लोकांनी उत्तर दिल्याशिवाय कीर्तन पुढे सरकायचं नाही. 'काय करून राह्यला' हा वऱ्हाडी प्रश्न इतक्या कळकळीनं दुसऱ्या कुणी विचारला नसेल. त्या कानांपुढे माझ्या गळ्यातला ऐवज मला एकदम बेन्टेक्सचा वाटायला लागला.

तरी भेट आलेली वस्तू वापरायला हवी. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याची कावड असते. रविवारी रात्री तरुण मंडळी गांधीग्रामला जाऊन पूर्णेचं पाणी भरतात आणि सतरा-अठरा किलोमीटर पायी चालत ते अकोल्याच्या राजराजेश्वराला आणतात. शेकडो भरण्यांच्या कावडी, त्यांच्यापुढे ढोल, आणि 'हर्र बोला महादेव'चा गजर. माझी नोकरी अकोल्याची, त्यामुळे ऑफिसातल्या पोरांनी मलाही ओढून नेलं. म्हटलं, चालण्याचीच तर परीक्षा आहे. यंत्राला यापेक्षा सोपा पेपर कुणी काढणार नाही.

पेपर सोपा नव्हता. कावड चालते, थांबते, खांदा बदलते, नाचते, पुन्हा चालते. नाचणं हे यंत्राच्या चार आश्रमांत कुठेच बसत नसल्यानं त्यानं ते धावण्यात घातलं. धावणाऱ्याला बाहेरचं नीट ऐकू यावं म्हणून ते बाहेरचा आवाज आत सोडायला लागलं. आणि बाहेर काय होतं, तर दीडशे ढोल. पोरं खांदा बदलायला थांबली की यंत्र म्हणे, बसले वाटतं, आणि दारं बंद. पण ढोल कानानं ऐकायची वस्तूच नाही. तो बरगड्यांतून आत येतो, आणि बरगड्यांना वाट्या कोण लावणार? एक पोट्टं बराच वेळ माझ्याकडे पाहत चाललं होतं. शेवटी न राहवून त्यानं विचारलं, "काका, कानाचं आपरेशन झालं काय?" मी हेडफोन काढून पिशवीत टाकले आणि पहाटे पायांना फोड घेऊन, पण कानांनी भरून, अकोल्यात शिरलो.

दसऱ्यानंतर मोझरीला गेलो होतो. अमरावतीहून नागपूरकडे जाताना लागणारं तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज. महाराज १९६८ च्या ऑक्टोबरात गेले. त्यांच्या पुण्यतिथीला दरवर्षी बरोबर चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. डोळे पोहोचतील तिथपर्यंत माणसं. पोरांचं रडणं, भेळवाल्यांची घंटी, हरवलेल्यांची नावं पुकारणारा लाऊडस्पीकर, खंजिरी, असा चार सत्तावनपर्यंत नुसता कल्लोळ. आणि मग एकदम काहीच नाही. माझ्या शेजारच्या बाईनं तोंडात टाकलेला शेंगदाणा तसाच धरून ठेवला होता. चावला तर आवाज होईल म्हणून. मी गळ्यातल्या हेडफोनला हात लावून पाहिला. त्याला काढून टाकण्यासारखा आवाजच उरला नव्हता. आमच्या भागातली माणसं गप्प बसू शकतात, याचा वर्षातून एकदा मिळणारा हा पुरावा आहे. त्यानंतर मात्र लगेच कुणीतरी "चला, निंघाचं काय?" असं विचारलं आणि सगळे दीड तास निघून राह्यले.

आता हा आवाज काढून टाकण्याचा प्रकार नेमका काय, तेही सांगतो. आवाज म्हणजे हवेतली लाट. तिच्या चढाला बरोबर तेवढाच उतार भेटवला की दोघांची बेरीज शून्य. पॉल ल्यूग नावाच्या जर्मन माणसाला १९३६ सालीच या कल्पनेचं अमेरिकन पेटंट मिळालं होतं. आमच्याकडे ती त्याआधीही चालू असावी: थोरला भाऊ 'हो' म्हणाला की त्याच क्षणी तितक्याच जोरात धाकटा 'नाही' म्हणतो आणि वावराची वाटणी जागच्या जागी राहते. हे प्रत्यक्ष कानात आणायचं ठरवलं अमर बोस यांनी. वडील बंगालमधून इंग्रजांचा ससेमिरा चुकवून अमेरिकेला गेलेले, मुलगा तिकडे प्राध्यापक. १९७८ साली स्वित्झर्लंडहून बोस्टनला जाताना विमानात मिळालेले हेडफोन त्यांनी कानाला लावले, तर इंजिनाच्या घरघरीत गाणं बुडून गेलेलं. त्यांनी तिथेच, विमानात बसल्या बसल्या गणितं मांडली. पण विमान उतरल्यापासून वैमानिकांच्या कानांवर ती वस्तू चढेपर्यंत १९८९ उजाडलं. बोससाहेब अकरा वर्षं ते करून राह्यले होते, असं आम्ही म्हणू.

या युक्तीची मेख अशी की ती एकसुरी, जाड आवाजावर चांगली चालते. इंजिनाची घरघर, पंख्याची भणभण, रेल्वेची गडगड. पुढची लाट कशी येणार हे आधी ठाऊक असलं की उलटी लाट तयार ठेवता येते. माणसाचं बोलणं तसं नसतं. ते कुठे चढेल, कुठे मोडेल, मध्येच कुणाचा उद्धार करेल, याचा अंदाज यंत्राला येत नाही. म्हणजे हे यंत्र जगातले सगळे निरुपद्रवी आवाज काढून टाकतं आणि माणसाचा तेवढा आवाज, पार्श्वसंगीत हटवून, लख्ख पुढे आणून ठेवतं.

याचा खरा उपयोग माझ्या बायकोनं शोधला. मिक्सरमध्ये शेंगदाण्याची चटणी करताना ती हेडफोन घालून उभी राहायला लागली. मिक्सरची घुर्रघुर्र बंद आणि माझं "चहा झाला काय?" स्पष्ट, तेही ऐकू आलं नाही, असं सांगायची सोय कायम. आईनंही एकदा लावून पाहिले. भाच्यानं फोनमध्ये तिच्यासाठी अभंग घालून दिले होते. फोन मांडीवर घेऊन ती बंगईवर झोके घ्यायला लागली आणि फोननं जाहीर केलं, 'आपण चालत आहात.' मी तिला ते दाखवलं. ती गुडघे चोळत म्हणाली, "त्याले म्हना, तुह्या तोंडात साखर पडो."

माझं आणि यंत्राचं खरं जमलं ते रेल्वेत. मी अमरावतीहून अकोल्याला रोज अप-डाऊन करतो. घरून बडनेऱ्यापर्यंत स्कूटर, तिथून रेल्वे. कधी गाडी चुकली तर बस. या अमरावती-अकोला रस्त्यानं २०२२ च्या जूनमध्ये गिनीज बुकात नाव काढलं: पंचाहत्तर किलोमीटरचा डांबरी थर, एकशे पाच तास तेहतीस मिनिटांत, सलग. जुन्या रस्त्यावर यंत्रानं बसलेल्या माणसालाही 'आपण धावत आहात' म्हटलं असतं. नव्या रस्त्यावर बस इतकी अलगद गेली की ते म्हणालं, 'आपण एका जागी आहात.' सरकारी कामाची इतकी चांगली पावती दुसऱ्या कुणी दिली नसेल.

रेल्वेत मात्र ते बिनचूक होतं. बडनेरा सुटलं की दोन मिनिटांत टुंग, आणि डब्याची गडगड गायब. पण त्याला एक जास्तीची अक्कल दिलेली होती: घालणारा बोलायला लागला की गाणं आपोआप थांबायचं. विलायतेत ही सोय उपयोगी पडत असेल. तिथे माणूस बोलतो तेव्हा त्याला काही बोलायचं असतं. मी गाणं ऐकताना दाद देतो. "वा" म्हटलं, गाणं बंद. सोबत गुणगुणलो, बंद. खोकलो, बंद. समोरच्यानं "सरकता काय थोडंसे?" विचारलं, मी "हाव" म्हणालो, बंद. वऱ्हाडी माणूस दर अर्ध्या मिनिटाला 'हाव' म्हणतो. ते बोलणं नसतं, श्वासच असतो. कुरूम येईपर्यंत एक गाणं पूर्ण होईना. शेवटी वैतागून मी ती सोय बंद करून टाकली. इथेच माझे ग्रह फिरले.

आमच्या डब्यात मूर्तिजापूरच्या शाळेतले एक गुरुजी असतात. सत्तावन्न वर्षांचे, मृदू बोलणारे. वर्गात आवाज चढवून चढवून उरलेला आवाज ते रेल्वेत जपून वापरतात. मार्चमध्ये एका सकाळी ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि बोलायला लागले. माझ्या कानात तेव्हा भैरवीचा शेवट रंगात आला होता. पाच मिनिटांनी हेडफोन काढून त्यांचं ऐकू, असं मी ठरवलं आणि तोपर्यंत सभ्यपणानं मान हलवत राहिलो. ते काही विचारत, मी मान हलवी. ते हसत, मीही हसे. एकदा त्यांनी दोन्ही हातांची बोटं पसरून काहीतरी आकडा दाखवला. मी जरा जोरात मान हलवली. एकदा त्यांनी वर बोट करून हवेत गोल फिरवलं. मला वाटलं, काळ बदलला म्हणतात. मी खेदानं मान हलवली. मूर्तिजापूर आलं. गुरुजींनी माझे दोन्ही हात हातात घेतले, त्यांचे डोळे भरून आलेले, आणि ते उतरून गेले.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री नऊ वाजता, आमच्या दारात एक गाडी थांबली आणि तिच्यातून अकरा माणसं उतरली. पहिल्या माणसानं पत्रिका पुढे केली. गुरुजींच्या मुलीचं लग्न दुसऱ्या दिवशी अमरावतीला, आणि ही अंजनगावहून आलेली मुलाकडची मंडळी. हॉलच्या खोल्या कमी पडत होत्या, म्हणून गुरुजींनी मला विचारलं होतं, दहा-अकरा जण एक रात्र तुमच्याकडे झोपले तर चालेल का. बोटांचा आकडा तो. हवेत फिरलेलं बोट म्हणजे, कूलर आहे ना?

"तुम्ही हो म्हटलं होतं?" बायकोनं स्वयंपाकघरात दबक्या आवाजात विचारलं.

"मान हलवली होती."

"काहून?"

"भैरवी ऐकून राह्यलो होतो."

पुण्या-मुंबईकडे 'वऱ्हाड' म्हणजे लग्नाला निघालेली मंडळी. लक्ष्मण देशपांड्यांच्या गाजलेल्या एकपात्री प्रयोगातलं वऱ्हाड लंडनला निघालं, तेही याच अर्थाचं. त्या रात्री आमच्या घरात दोन्ही वऱ्हाडं एकत्र आली. बायकोनं पिठल्याचं मोठं पातेलं चढवलं, आईनं ठेच्याचा खलबत्ता काढला आणि पंधरा मिनिटांत कोण पाहुणा आणि कोण घरचा, हे ओळखू येईनासं झालं. झोपण्याची व्यवस्था एकच होती: हॉलमध्ये कूलरपुढे ओळीनं गाद्या. बाहेर दिवसा पारा पंचेचाळिसाच्या वर गेलेला, रात्रीही भिंतींना हात लावला तर चटका. नव्या ताट्या लावलेला कूलर घों घों करत होता. त्या घोंघाटाला विदर्भात घोंघाट म्हणत नाहीत. तो आमचा मे महिन्याचा पाळणा आहे. वीज जाऊन तो बंद पडला की सगळी गल्ली एकदम दचकून जागी होते.

माझ्या वाट्याला दाराजवळची खुर्ची आली. अकरा जण झोपले आणि घोरायला लागले. प्रत्येकाची पट्टी वेगळी. अडीच वाजता मी हेडफोन काढून कानाला लावले. दोन मिनिटांत टुंग. यंत्रानं ओळखलं की माणूस एका जागी बसला आहे, आणि मोठ्या सफाईनं कूलरचा आवाज काढून टाकला. उरलं ते घोरणं. अकराही जणांचं वेगवेगळं, मोजून घ्यावं असं. मला रडू यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात ओळीतल्या शेवटच्या गादीवर हालचाल झाली. नवरदेवाचे आजोबा उठून बसले होते. पंच्याऐंशीच्या आसपासचे, डोक्याला रात्रीही दुपट्टा. म्हणजे घोरणारे दहाच होते. मी एक जास्त मोजला होता. अंधारात त्यांना माझ्या कानावरचा हिरवा ठिपका लुकलुकताना दिसला असावा. त्यांचे ओठ हलले.

मी हेडफोन काढले. "काय म्हंता आबाजी?"

"म्हनलं, काय करून राह्यला बाप्पा?"

मला एकदम बरं वाटलं. गेले नऊ महिने एक यंत्र दर दोन मिनिटांनी मला हेच विचारत होतं, पण उत्तरासाठी कधी थांबलं नव्हतं. अंदाज बांधून मोकळं होत होतं.

"काई नाई आबाजी. बसून राह्यलो."

"झोप येत नसन तं इकडे ये," असं म्हणून ते गादीवर सरकले. मी बाजूला टेकलो. कूलरचा आवाज परत आला होता आणि त्याच्या आडोशाला आमचं बोलणं सुरू झालं. त्यांच्या लग्नाचं वऱ्हाड 'शकुंतले'तून गेलं होतं. मूर्तिजापूर ते अचलपूर चालणारी आमची छोट्या रुळांची गाडी. रूळ विलायतेतल्या खासगी कंपनीचे आणि वाफेचं इंजिन मँचेस्टरचं. १९९४ साली ते इंजिन काढून डिझेलचं लावलं, आता गाडीच बंद आहे. आबाजी सांगत होते, अंजनगावला गाडी सुटल्यावर नवरदेवाचा फेटा घरी राहिल्याचं ध्यानात आलं. धाकटा भाऊ चालत्या गाडीतून उतरला, घरी गेला, फेटा घेतला, पाणी प्याला आणि पुढच्या वळणावर गाडीत परत चढला. "धावत?" मी विचारलं. "कायले धावन?" आबाजी म्हणाले. "चालतच आला." मग बहात्तरचा दुष्काळ निघाला, खडी फोडायचं काम निघालं, कूपनावर मिळालेली लाल ज्वारी निघाली, वारलेली म्हातारी निघाली. मी दर वाक्याला 'हाव' म्हणत होतो आणि गोठ एकदाही थांबत नव्हती.

पाचला कोंबडा आरवला, तेव्हा आबाजी म्हणाले, "चाल, पडतो आता घडीभर," आणि साडेपाचपर्यंत पडून राह्यले. म्हणजे बोलतच होते.

वरात गेल्यावर दुपारी मी फोन उघडून पाहिला. दिवसभरात आपण काय केलं, याची नोंद तो ठेवतो. रात्री अडीच ते पहाटे साडेपाच या वेळेपुढे लिहिलं होतं: एका जागी स्थिर.